पणजीचे माहेर

महाराष्ट्रात कुळाचा शोध घेण्याची जी रूढ साधने आहेत, ती गाव आणि आडनाव आधीच ठाऊक आहे असे गृहीत धरतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, म्हणजे यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी, याच क्रमाने लावलेल्या असल्यामुळे ही दोन्ही नावे हरवलेल्या पूर्वजाबाबत त्या मुक्या ठरतात. प्रस्तुत लेखकाच्या आईच्या आईची आई अशांपैकी होती: 1899-1900 च्या दुष्काळात, ज्याला संवत 1956 वरून गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणतात, ती तीन-चार वर्षांची असताना एका अनाथाश्रमात आली आणि पुढे तेथूनच तिचे लग्न लावून देण्यात आले. अशा आश्रयस्थानांचा इतिहास परिचित आहे. जोतीराव फुल्यांचे बालहत्या प्रतिबंधक गृह 1863 चे, लालशंकर उमियाशंकर यांनी पंढरपुरात काढलेला बालकाश्रम 1875 चा, आणि पंडिता रमाबाईंनी छप्पनियोतच गुजरातेतील शेकडो मुली केडगावला आणल्या होत्या.

पणजी ज्या संस्थेत वाढली तेथील प्रवेशनोंदवही पाहण्यासाठी केलेला अर्ज ‘अर्जदार तिऱ्हाईत आहे’ या एका शेऱ्यासह परत आला. विद्यमान दत्तक नियमावलीत ‘मूळ शोधा’ची, म्हणजे दत्तक गेलेल्या व्यक्तीने आपल्या जन्मदात्यांची माहिती मागण्याची, तरतूद आहे आणि तिऱ्हाइताला तो शोध घेण्याची मनाई आहे, हे खरे, परंतु पणजी दत्तक गेलीच नव्हती, नियमावली तिच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी आली, आणि तिच्या पोटच्या पोरीच्या पोरीचा मुलगा जर तिऱ्हाईत, तर त्या पानाला आपले म्हणणारे कोण उरले, हे त्या कार्यालयात कोणी सांगितले नाही. दुसऱ्या अर्जाला उत्तर आले नाही. तिसऱ्या वेळी वही वाळवीने खाल्ल्याचे तोंडी कळले. मग पहिल्या वेळी गोपनीयता कशाची राखली जात होती?

अर्थात, संस्थेवर रोष धरताना घरच्यांचा हिशेबही मांडावा लागतो. लग्नात तिला काश्यप गोत्र लावले गेले, कारण ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप मानावे असा संकेत आहे; आणि घरातील वडीलधाऱ्यांनी पुढे हाच संकेत पुरावा असल्याप्रमाणे मिरवून अनाथाश्रमाचा उल्लेख कटाक्षाने टाळला. जनुकीय तपासणीनेही फारसे हाती लागत नाही: आईकडून अपत्याकडे जाणारा मातृवंशीय डीएनए हजारो वर्षांपूर्वीची शाखा दाखवतो, गाव दाखवत नाही, आणि नातलग जुळवायचे तर त्यांनीही तपासणी केलेली असावी लागते.

जिच्या मागे कोणी आले नाही अशा पोरीचे मूळ खणून काढण्याची नातवंडा-पणतवंडांना एवढी निकड का, अशी शंकाही अलीकडे लेखकाला येते, कारण तिने स्वतः माहेराबद्दल विचारल्याचे कोणाला आठवत नाही. तरीही ज्यांच्या कपाटात अशा जुन्या वह्या आहेत, त्यांनी वाळवीच्या आधी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पणजोबांच्या घराण्याची नोंद नाशिकच्या वहीत सापडली. तेथे सर्व सुनांची माहेरे लिहिलेली आहेत, आणि पणजीच्या नावापुढे आडवी रेघ आहे.