चौकटीतले शेजारघर

बडा गणपतीच्या चौकातून जाताना आमचे पाय आजही मंदिरापाशी थबकतात. सुमारे २५ फुटांची ती शेंदरी मूर्ती एका नजरेत मावत नाही. दर्शन घ्यायचे ते खालून, दुरूनच. पाहण्याची मुभा सर्वांना, हात लावण्याची नाही. लहानपणी आम्हांला याचा राग येई. साठी उलटल्यावर संगणकाने तोच राग पुन्हा आणला.

शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर आम्ही घराण्याची वंशावळ संगणकावर मांडावयास घेतली. पूर्वज होळकरांच्या चाकरीत नर्मदा ओलांडून इकडे आलेले. पुण्यात स्थायिक झालेल्या थोरल्या बंधूंनी एका शाखेची माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर आधीच दिली होती. ते पान आम्ही ‘आयफ्रेम’ नावाच्या चौकटीत आमच्या पानावर बसविले. दिसले झकास! मात्र त्यातील नावे आमच्या तक्त्यात आपोआप उतरावीत, म्हणून चिरंजीवांकडून लिहून घेतलेला प्रोग्राम ब्राउझरने साफ अडविला.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, हा दोष नव्हे, पहारा आहे.” १९९५ साली नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीपासून हा नियम चालत आला आहे. ‘एचटीटीपीएस’सारखी संपर्काची रीत, संस्थळाचे नाव आणि पोर्टचा क्रमांक, ही तिन्ही जुळली तरच दोन पाने एका घरची. एरवी शेजारघर खिडकीतून दिसेल, पण त्याच्या फडताळात हात घालता येणार नाही. हा पहारा नसता, तर कोणत्याही भामट्याने आपल्या पानात आमच्या बँकेचे पान बसवून खात्यावरील शिल्लक वाचली असती. पारदर्शक चौकटीआड खरे बटण दडवून भलत्याच जागी टिचकी मारावयास लावणारेही असतात. म्हणून अनेक बँका आपले पान परक्या चौकटीत उघडूच देत नाहीत.

“मग मार्ग?”

“पत्रव्यवहार. दोन्ही पानांनी एकमेकांना निरोप धाडायचे, आणि निरोप कोणाकडून आला हे पाहूनच उत्तर द्यायचे. पण त्यासाठी काकांची संमती हवी.”

आम्ही गप्प झालो. उभी हयात ‘योग्य मार्गाने अर्ज करावा’ असे शेरे मारणाऱ्या आम्ही येथे अर्जच केला नव्हता! नावे हाताने उतरवून घेता आली असती. पण विचारल्यावाचून घेणे ते घेणेच. आणि विचारणार कसे? वाड्याची वाटणी झाल्यापासून नऊ वर्षे दादांशी बोलणे नव्हते. त्यांचे घर आम्ही चौकटीतूनच पाहत होतो.

त्या रात्री पत्र लिहिले. वाड्याचा विषय काढला नाही. पंधरा दिवसांनी दादांची वही टपालाने आली. तीत आमच्या तक्त्यात नसलेली पाच नावे होती, सारी घरातल्या लेकींची. वाड्याविषयी त्यांनीही अक्षर लिहिले नव्हते. शेवटी एकच ओळ होती: “पुढच्या वेळी आधी विचार.”

तक्ता आम्ही पुन्हा पहिल्यापासून लिहावयास घेतला आहे.