काळ्या लोकरीचा धडा

देवगाव फाट्यावर एस.टी.तून उतरून शाळेकडे निघालो, की वाटेत हमखास मेंढरांचा कळप आडवा येतो. गेल्या वर्षी त्याच वाटेवर बांधाला काळ्या लोकरीचा ढीग पडलेला दिसला. वर्गात विचारलं, तर चौथीतला एक धनगराचा मुलगा मान खाली घालून म्हणाला, "आमचीच हाय, सर. कातरायची मजुरीबी निघत न्हाई, म्हणून टाकली." पोरं हसली. खरं सांगतो, मीही हसलो.

रात्री ते हसू मला टोचत राहिलं. सकाळी त्याला म्हटलं, "मूठभर लोकर आण बरं."

प्लॅस्टिकच्या कागदावर फेव्हिकॉलच्या दोन पट्ट्या ओतल्या. एकीत लोकरीचे धागे लांबीला अंथरले. वाळल्यावर ओढून पाहिलं. साधी पट्टी ताणली नि तुटली. लोकरीचीही तुटली! धागे आतून सुळकन निसटले. मी गोंधळलो. तेव्हा तो मुलगा हळूच बोलला, "सर, लोकर धुतलीच न्हाई तुम्ही. तेलकट असती ती."

खरंच की! मेंढीच्या अंगच्या मेणचट तेलामुळे गोंद धाग्याला चिकटलाच नव्हता. रिठ्याच्या पाण्यात लोकर धुऊन, वाळवून पुन्हा प्रयोग केला. आता दोन पोरांनी ओढूनही पट्टी तुटेना.

अशा जोडीला 'संमिश्र पदार्थ' म्हणतात. धागा ओढ सोसतो. गोंद धाग्यांना धरून ठेवतो आणि भार सगळ्यांत वाटतो. फायबरच्या पत्र्यात काचेचे धागे असतात, मातीच्या भिंतीत भुसा. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, तीही याच घराण्यातली युक्ती! न्यूझीलंडमध्ये पॉल बॅरन यांच्या स्वेटरवर असंच राळेसारखं रसायन सांडलं आणि त्यातून लोकरीची, लाटांवर स्वार व्हायची फळी सुचली. 2018 साली ती जगापुढे आली.

लोकर काचेच्या जवळपास निम्म्या वजनाची. पण काचेइतकी बळकट नाही. शिवाय स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ओल ती शोषते. म्हणजे सगळीकडे चालेल असं नाही.

त्या दिवशी मी वर्गासमोर म्हणालो, "परवा मी हसलो, ते चुकलं." मग प्रयोग त्यानंच सगळ्यांना समजावून सांगितला, मान वर करून. लोकरीचा भाव काही वाढला नाही. पण आता बांधावर लोकर दिसली, की पोरं उचलून आणतात.

तुम्हीही करून पाहा. फक्त लोकर आधी धुवा हं!