‘मुक्ता’त लिहिलेलं कारंजा

अहो, हा ‘ड’ बघा! ‘मुक्ता’ फॉन्ट उतरवून घेतला, ‘कारंजा लाड’ एवढं आमच्या गावाचं नाव टाइप केलं आणि एकेक अक्षर पडदाभर मोठं करून बघत बसले. उठवेचना! मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेतल्या गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांची ही करणी. शेलाट्यापासून दणकट ठशापर्यंत सात जाडींत, कुणीही फुकट वापरावा, बदलावा, वाटावा.

बोरूचं टोक तिरकं कापतात, म्हणून हातच्या नागरीत एक रेघ भरदार, दुसरी नाजूक. आमच्या कारंज्याच्या जैन ग्रंथभांडारांतल्या जुन्या पोथ्या त्या हाताच्या. पण पडद्यावर अक्षर ठिपक्यांनी बनतं, आणि बारीक आकारात नाजूक रेघ त्यात विरून जाते. म्हणून ‘मुक्ता’त रेघा जवळपास एकाच जाडीच्या. सोपं वाटतं ना? मग सगळ्यांत ठसठशीत जाडीतला ‘जा’ मोठा करा. जिथे रेघा एकमेकींना भेटतात तिथे त्या हळूच बारीक केल्यात, नाहीतर कोपऱ्यात काळा गोळा झाला असता. डोळ्याला सारखं दिसावं म्हणून मुद्दाम केलेलं असमान! केवढा विचार, आणि वाचताना त्याचा पत्ताही लागत नाही.

मग ‘कर्तृत्व’ लिहिलं. एकाच ‘त’च्या डोक्यावर रफार, पायाशी ऋकार. शिवाय वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडू नये, तरी ओळी फाकू नयेत. रोमन लिपीला ही कसरत कुठे ठाऊक!

आणि ‘ल’! मराठीचा ‘ल’ पाकळ्यांचा, ‘श’ देठाचा. २०२२ च्या शासन निर्णयानेही तीच रूपं सांगितली. हिंदीत दोन्हींचं वळण निराळं. ओपनटाइप फॉन्टमध्ये दोन्ही रूपं शेजारी नांदू शकतात. मजकूर मराठी आहे एवढं संगणकाला सांगितलं की आपला ‘ल’ पुढे येतो. लाडांच्या गावाला याहून मोठं सुख कोणतं?

आता र. कृ. जोशींचा ‘मंगल’ फॉन्ट उघडते. विंडोजवर कितीतरी जणांनी पहिलं मराठी त्यातच वाचलं. त्यात ‘कर्तृत्व’ कसं बसवलंय, ते बघायचंय.