हॅमची आंघोळ

मंडळी, नाताळच्या अंकासाठी एखादी पाककृती द्या, असं संपादकांचं फर्मान निघालं. पुरणपोळ्या आणि उकडीचे मोदक याआधीच्या अंकांत होऊन गेले. आम्ही पडलो वसईचे ख्रिस्ती, तेव्हा आमच्या वाट्याला डुकराचं मांस यावं हे ओघानंच आलं. ज्यांना चालत नाही त्यांनी खुशाल पान उलटावं, आमचा राग नाही.

2022 च्या ऑक्टोबरात जपानने कोविडनंतर पाहुण्यांसाठी दारं उघडली आणि डिसेंबरात पप्पा आमच्याकडे योकोहामाला आले. आम्हां दोघांतल्या एकाचे ते वडील आणि एकीचे सासरे. आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. वसईच्या घरात ते एकटेच राहत. जेवणावरचं लक्ष उडालेलं, शर्ट अंगावर नुसता लोंबणारा. व्हिसाच्या नव्वद दिवसांत माणूस जरा भरून निघावा, एवढीच आमची इच्छा.

पप्पा बोटीवर चीफ कुक होते. सत्तरच्या दशकात त्यांची मालवाहू बोट याच बंदराला लागायची, आणि नाताळला अख्ख्या तंगडीचा हॅम करणं त्यांच्याकडे असायचं. म्हणून आम्ही ठरवलं, यंदा इंद्याल नाही, हॅमच करायचा.

तसा डिसेंबरात जपानमध्ये हॅमला तोटा नसतो. वर्षाअखेर ‘ओसेइबो’ म्हणून वरिष्ठांना, उपकारकर्त्यांना भेटी पाठवायची इथली रीत, आणि त्या भेटींत हॅमच्या पेट्या हमखास. पण हा बहुतेक ‘रोसु हॅम’, म्हणजे मांडीचा नव्हे, पाठीच्या मांसाचा. तो रूढ केला आउगुस्ट लोमायर नावाच्या जर्मनाने. पहिल्या महायुद्धात 1914 साली चिंगताओ पडलं तेव्हा तो जपान्यांच्या हाती सापडला आणि सुटका झाल्यावर इथंच राहिला. त्याही आधीची हकिकत तर आमच्या योकोहामाचीच. आजच्या तोत्सुका भागात 1870 च्या दशकात कर्टिस नावाचा एक इंग्रज हॅम बनवायचा आणि कृती कोणाला सांगायचा नाही. पुढे भूकंपानंतर त्याच्या कारखान्याला आग लागली, गावकरी विझवायला धावले, आणि त्या उपकारापोटी त्याने आपलं गुपित उघड केलं, असं सांगतात. त्यातूनच ‘कामाकुरा हॅम’ हे नाव झालं. पप्पांना ही गोष्ट फार आवडली. “गुपित सांगायला आधी घर जळावं लागतं,” एवढं म्हणून पुन्हा गप्प बसले.

आता आमचा पराक्रम ऐका. हाडासकट तंगडी इथल्या खाटकाकडे सहजी मिळत नाही, आणि मिळाली असती तरी आमच्या खुराड्याएवढ्या ओव्हनमध्ये शिरली नसती. म्हणून मांडीचा, इथल्या भाषेत ‘मोमो’चा, दोन किलोंचा बिनहाडाचा तुकडा आणला. आदल्या रात्री वरून मीठ चोळलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या आचेवर तीन तास खळखळा उकळला. जास्त शिजलं की जास्त मऊ होणार, हा आमचा हिशेब! 25 डिसेंबरला इथं सुट्टी नसते. ऑफिसातून धावतपळत आलो, मेणबत्त्या लावल्या, हॅम कापला. बाहेरून खारट, आत अळणी, आणि सुंभासारखा कोरडा. पप्पांची कवळी. ते हळूहळू चावत राहिले, “छान झालाय” म्हणाले. दोन दिवसांनी त्यांचा कोट धुवायला काढला, तर खिशात कागदी रुमाल, आणि रुमालात चावून चोथा झालेले चार घास.

आम्ही दोघंही बराच वेळ त्या रुमालाकडे बघत उभे राहिलो. त्यांना काही बोललो नाही. फेब्रुवारीत पप्पा परत गेले तेव्हा शर्ट तितकाच ढगळ होता.

2023 च्या डिसेंबरात ते पुन्हा आले. या खेपेस आम्ही सरळ शरण गेलो. “पप्पा, आम्हांला येत नाही. तुम्ही सांगा.” आधी काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाय, गेल्या साली तू हॅम उकडलास. हॅम उकडायचा नसतो, त्याला आंघोळ घालायची असते.”

मग काय, स्वयंपाकघराचा ताबा त्यांच्याकडे गेला. दोन लिटर पाण्यात 160 ग्रॅम मीठ, 80 ग्रॅम साखर, मिरी आणि तमालपत्र उकळून गार केलं. त्यात मांस बुडवून फ्रिजमध्ये पाच दिवस. मीठ वरच्यावर न राहता आतपर्यंत पोचतं आणि मांस आपलं पाणी धरून ठेवतं, ते याच मुक्कामात. सहाव्या दिवशी खारटपणा उतरवायला तीन तास साध्या गार पाण्यात, तेही फ्रिजमध्येच. मग खाटकाकडून आणलेल्या ‘ताकोइतो’ने करकचून बांधायचं. ताकोइतो म्हणजे पतंगाचा दोरा! हे कळल्यावर पप्पा किती तरी दिवसांनी मोकळे हसले.

आंघोळीचं पाणी 75 अंशांवर. बुडबुडे दिसले की चूक, कारण फार तापलं की मांस आक्रसतं आणि आतला रस पिळून बाहेर काढतं. पप्पांचा भरवसा हातावर, आमचा थर्मामीटरवर. डुकराचं मांस कच्चं राहिलेलं चालत नाही. जपानमध्ये 2015 पासून हॉटेलांना नियमच आहे, मधोमध 63 अंशांवर निदान अर्धा तास. आम्ही सुई खुपसून आत 65 झालेलं पाहिलं आणि तिथून पुढे अर्धा तास मोजला. एकंदर साडेतीन तास गेले. पप्पा तेवढा वेळ शेगडीपाशी स्टूल टाकून बसले होते. हात कापत होता, पण गॅसचं बटण दुसऱ्या कोणाला फिरवू दिलं नाही. त्या साडेतीन तासांत वर्षभराचं बोलून घेतलं. आईबद्दलही.

गॅस बंद केल्यावर तुकडा लगेच बाहेर काढायचा नाही. त्याच पाण्यात कोमट होऊ द्यायचा, मग गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा. कापायचा दुसऱ्या दिवशी, धाग्याच्या आडवा, पातळ. विकतच्यासारखा गुलाबी होणार नाही, तो रंग नायट्राइटचा असतो. आमचा करडाच झाला, आणि तो तीन-चार दिवसांत संपवावा लागतो. उरलेल्या पाण्यात आम्ही बटाटे आणि दायकोन मुळा शिजवला. ते पाणी ओतून द्याल तर पप्पांची बोलणी खाल.

नाताळच्या रात्री तांदळाच्या भाकरीबरोबर पप्पांनी सहा फोडी खाल्ल्या. आम्ही मोजत होतो. पहिली तोंडात घातली आणि डोळे मिटून म्हणाले, “मीठ जरा कमी आहे.” आम्हांला एवढा आनंद झाला म्हणून सांगू!

ते झोपल्यावर आम्ही चोरासारखे कोटाचे खिसे तपासले. रुमाल कोरा. दुसऱ्या खिशात ताकोइतोची नवीकोरी गुंडी. सकाळी विचारलं, तर म्हणाले, “वसईला असा दोरा कुठे मिळायचा? ईस्टरला घरी करीन म्हणतो.”