भिंतीवर नसलेला रंग

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. हंगाम सरला की जिनिंगची गोदामं रिकामी पडतात. चुना मारलेली, लांबलचक, विनाखिडकीची भिंत मला तिथंच मिळते. मी चित्रं काढत नाही, उजेड मांडतो.

भिंतीसमोर दोन हॅलोजन दिवे. एकावर लाल जिलेटिन, दुसरा मोकळा. दोन्ही लावले की भिंत गुलाबी होते. मग पाहणाऱ्यानं मध्ये हात धरायचा. सावल्या दोन पडतात. पांढरा दिवा अडतो तिथं गडद लाल, ते समजण्यासारखं आहे. लाल दिवा अडतो तिथं मात्र निव्वळ पांढरा उजेड उरतो, आणि ती सावली दिसते निळसर हिरवी! एक शेतकरी काका भिंतीच्या टोकापर्यंत जाऊन शोधून आले. "हिरवा लाइट कुठी लपवून ठेवला गा?"

कुठंच नाही. भोवती लाली पसरली की नजर तिलाच पांढरं धरून चालते, आणि त्या मापानं खरं पांढरं हिरवट ठरतं. शास्त्रज्ञ काउंट रम्फर्डनं १७९४ साली अशा सावल्या नळीतून एकेकट्या पाहिल्या, तेव्हा त्यांचा रंगच दिसेना. म्हणून मी दारातच काळ्या कागदाची पुंगळी हातात देतो. आधी तिच्यातून फक्त सावली पाहायची. ती करडी दिसते. पुंगळी खाली घेतली की हिरवा उमलतो. हा क्रम मी कुणालाही मोडू देत नाही, कारण माझं सगळं काम त्या एका क्षणात आहे.

खरी मेहनत तोल साधण्यात जाते. पांढरा उजेड जास्त झाला की लाली धुऊन निघते. डिमर फिरवावा तर हॅलोजन पिवळा पडतो आणि रंग बिघडतो. त्यामुळे मी डिमरला हात लावत नाही, स्टँड मागे सरकवतो. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, पण त्याची जात बदलत नाही. गावाकडचं व्होल्टेज पडलं की मात्र पुन्हा सगळी जुळणी.

उजेड मांडणारा मी एकटा नाही. कलाकार ओलाफुर एलियासननं १९९७ मध्ये एका खोलीत फक्त एकाच पिवळ्या तरंगलांबीचा उजेड भरला होता. त्यात कपडे, कातडी, सगळं पिवळं नाहीतर काळं दिसतं. आमच्या विदर्भातला दाखला वासुदेव गायतोंडे यांचा. १९२४ साली नागपुरात जन्मलेला हा चित्रकार रोलरनं आणि पॅलेट नाइफनं रंग चढवायचा, उतरवायचा, आणि कॅनव्हास आतून उजळल्यासारखा दिसायचा. मला ते काम या सगळ्यांत मोठं वाटतं. त्यांनी दिवा न लावता उजेड दाखवला.

रंगीत सावली पाहायला तुम्हाला गोदामाची गरज नाही. दिवस मावळताना खिडकीजवळ पांढरा कागद ठेवा, खोलीत पिवळा बल्ब लावा आणि कागदावर पेन्सिल उभी धरा. बल्बमुळे पडलेली सावली निळी दिसेल, खिडकीमुळे पडलेली पिवळी. घरातल्या मुलांना आधी दाखवा, कारण नंतर सांगा.