दार कोण ठोकत होते?

"काका, धडा चांगला वाचलात. पण तुमच्या मागे सारखे दार कोण ठोकत होते?"

बारावी कॉमर्सच्या एका विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारला आणि आमचा चेहरा उतरला. तिला डोळ्यांनी दिसत नाही. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या आणखी तिघांसाठी वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही काही कार्यकर्ते पाठ्यपुस्तके वाचून रेकॉर्ड करतो. अंध व्यक्तींना पुस्तक असे आवाजात उतरवून विनानफा देण्याची मोकळीक 2012 साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने मिळाली आहे. आम्ही बी.कॉम., म्हणून 'पुस्तपालन व लेखाकर्म' आमच्या वाट्याला आले. कचेरीतून आल्यावर रात्री नऊ ते साडेदहा वाचन चालते.

दार कुणीच ठोकत नव्हते. आमचाच हात टेबलाला लागत होता, पान उलटताना टेबल हलत होते. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकले, तर घसाऱ्याच्या प्रत्येक आकड्यामागे 'धप्'. डोळस मुलगा आकडा चुकला तर पुस्तकात बघून घेईल. तिने कुठे बघायचे? भागीदारीचे चार धडे वाया गेले, आणि परीक्षा तीन महिन्यांवर आली होती.

माईक ज्या कड्यात बसतो त्याला शॉक माउंट म्हणतात. बाहेर एक कडे, आत एक कडे, आणि दोघांच्या मध्ये नागमोडी ओवलेले गोल इलॅस्टिक. टेबलाचा हादरा बाहेरच्या कड्यापर्यंत येतो आणि इलॅस्टिकमध्ये विरून जातो. आमचे इलॅस्टिक सैल पडले होते. माईकसकट आतले कडे खाली बसून बाहेरच्या कड्याला टेकले होते. मग हादरा थेट माईकमध्ये शिरणारच!

आता आमची चूक सांगतो. आम्ही कारकून माणसे. वस्तू बिघडली की नवी मागवायची आणि व्हाउचर लावायचे, ही कचेरीची सवय. वर्गणीतून बाराशे रुपये काढून नवे शॉक माउंट आणले. घरी येऊन पाहतो तो माईक त्यात जाईना. माईकची जाडी मोजायची असते हेच आम्हाला सुचले नव्हते. डबा फोडलेला, म्हणून दुकानदार परत घेईना. ज्या वर्गणीत धुणीभांडी करणाऱ्या भगिनींचे दहा-दहा रुपये आहेत, त्या वर्गणीच्या वहीत ती बाराशेची नोंद करताना आमचा हात जड झाला.

ही गोष्ट आम्ही शिवणकाम करणाऱ्या शेजारच्या मावशींजवळ बोललो. त्यांनी कडे हातात घेतले, फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, हे तर आपलं मास्कचं इलॅस्टिक!" 2020 साली त्यांनी शेकड्याने मास्क शिवले होते. उरलेली गुंडाळी त्यांनी ट्रंकेतून काढली, पण ओढून पाहताच नाक मुरडले. ठेवून ठेवून त्याचा ताण गेला होता. "जुनं घालू नकोस, महिन्यात पुन्हा सैल पडेल. शिवणसामानाच्या दुकानातून तीन मिलिमीटरचं गोल आण." दोन मीटर आणले, चोवीस रुपयांना.

मावशींनी जुने इलॅस्टिक लगेच कापू दिले नाही. आधी त्याचा रस्ता कागदावर काढायला लावला. कुठल्या आकड्यातून निघते, कुठे वळते, किती वेढे आहेत, सगळे लिहून घेतले. मग नवे ओवले. पहिल्यांदा आम्ही हौसेने इतके ताणले की कडे काठीसारखे ताठ झाले, आणि 'धप्' होते तसेच राहिले. फार ताणले तर हादरा इलॅस्टिकमधूनच पलीकडे जातो, सैल ठेवले तर माईक टेकतो. माईक मधोमध लोंबकळला पाहिजे आणि बोटाने ढकलला तर हलकेच परत आला पाहिजे. तिसऱ्या खेपेला जमले. कानाला हेडफोन लावून टेबलावर टिचकी मारली. हादरा नाहीसाच झाला म्हणा ना!

मग आमची भीड चेपली. 'भांडवल', 'भागीदार', 'फायदा' म्हणताना तोंडातल्या हवेचा झोत माईकवर आदळून भसकन आवाज येई. मावशींची भरतकामाची सहा इंची रिंग घेतली, तीवर बायकांचा पातळ नायलॉनचा मोजा ताणून बसवला आणि ती माईकपुढे चार बोटांवर बांधली. आम्ही आधी जाड रुमाल लावून पाहिला होता, पण त्याने 'स' आणि 'श' दबून जातात. माईकवरची स्पंजची टोपी दमट हवेने चिकट होऊन तिचा भुगा पडू लागला होता. तिच्यावर इलाज नाही, ती फेकलीच पाहिजे, नाहीतर भुगा जाळीतून आत जातो. नवा स्पंज घेताना ओठांना लावून फुंकर मारावी. फुंकर आरपार गेली तरच आवाज जाईल. स्टँडची दांडी आपोआप खाली सरकायची, तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून घातली.

शेवटी राहिली केबल. हलवली की खर्रर्र व्हायची. केबल बहुधा प्लगच्या तोंडाशीच तुटते, कारण तिथेच ती रोज वाकते. या कामाला डाग देता यावा लागतो, आणि इथे आम्हाला वडील आठवले.

वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर काम गेले, तेव्हा चाळीच्या खिडकीशी बसून ते लोकांचे रेडिओ दुरुस्त करीत. आम्ही शाळेत ते सांगत नसू, लाज वाटायची. शिकून खुर्चीवर बसायचे, हात काळे करायचे नाहीत, एवढेच आम्हाला कळले होते. वडिलांनी मात्र त्याच काळ्या हातांनी आमची फी भरली. त्यांचे सोल्डरिंग आयर्न माळ्यावर अजून होते. त्याची वायर मात्र विरली होती, ती आधी इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेतली.

खिडकी उघडी ठेवून बसलो. कुठल्या रंगाची तार कुठल्या पिनेला, हे लिहून घेतले. पहिली पिन जाळीच्या तारेची, दुसरी आणि तिसरी आवाजाच्या. खराब तुकडा कापला, तारा सोलल्या, तीन डाग दिले. ते छान चमकले. मोठ्या अभिमानाने प्लग बंद करायला गेलो तर त्याचे टोपण टेबलावरच! ते केबलमध्ये आधी ओवायचे असते. सगळे डाग काढून पुन्हा दिले. वडील असते तर पोट धरून हसले असते.

वाचकांना एक सावधगिरी सांगतो. घरच्या विजेवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर स्वतः उघडू नये, ते जाणकाराचे काम आहे. माईकला 48 व्होल्टचा पुरवठा जात असेल तर तो बंद करूनच केबल काढावी. आणि माईकचा आतला पडदा इतका नाजूक असतो की त्याला बोटही लावू नये.

चारही धडे आम्ही पुन्हा वाचले. ते ऐकून ती विद्यार्थिनी म्हणाली, "काका, आता दार बंद आहे. पण तुम्ही घसारा फार भरभर वाचता." ते इलॅस्टिकने दुरुस्त होणारे नाही. आता आकडा दोनदा वाचतो.

वर्गणीच्या वहीत बाराशेच्या खाली आम्ही लिहिले, 'दुरुस्ती खर्च, इलॅस्टिक, रुपये 24'. बाराशे रुपये आम्ही आमच्या पगारातून तीन हप्त्यांत भरले. बंधू-भगिनींनो, तुमच्या मंडळाच्या कपाटातही एखादा माईक 'गेला' म्हणून पडला असेल. नव्यासाठी पावतीपुस्तक छापण्याआधी तो बाहेर काढा आणि वस्तीतल्या चार घरी दाखवा. शिलाई मशीनवर बसणाऱ्या मावशींना आधी विचारा.