प्रत, पाठ आणि एक जुनी रायफल

शस्त्रांशी माझा संबंध कधी आला नाही. लहानपणी तालुक्याच्या खजिन्यासमोर पहारेकऱ्याच्या खांद्यावर दिसणारी ‘थ्री-नॉट-थ्री’, एवढीच काय ती माझी ओळख. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकावर एखाद्या जुन्या लष्करी रायफलीचे मूळ आणि मोल ठरविण्याची पाळी यावी, हे म्हणूनच विचित्र वाटेल. परंतु ती आली. आणि पाठचिकित्सेविषयी वर्षानुवर्षे वर्गात जे सांगत आलो, त्याची माझ्यापुरती परीक्षा त्या प्रसंगाने घेतली.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका विद्यापीठात मी वर्षभर अभ्यागत प्राध्यापक होतो. ज्या घरात भाड्याने राहत होतो, त्याच्या मालकीणबाई ऐंशी उलटलेल्या, पतीच्या निधनानंतर एकट्याच राहणाऱ्या. घर विकून मुलीकडे जाण्याची त्यांची तयारी चालली होती. एके संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलाविले. जेवणाच्या टेबलावर जुन्या ब्लँकेटवर एक रायफल ठेवली होती. त्यांचे सासरे दुसऱ्या महायुद्धात, आसामातील लेडोहून ब्रह्मदेशात जाणारा रस्ता बांधणाऱ्या अमेरिकी पथकात होते. १९४५ मध्ये परतताना त्यांनी ती बरोबर आणली, असे त्यांचे पती सर्वांना सांगत. आता ती गावच्या छोट्या वस्तुसंग्रहालयास द्यावयाची होती. तिच्याशेजारी लावावयाच्या पत्रिकेचा मजकूर मी लिहावा, कारण रायफल ‘तुमच्या देशाची’, असे बाईंचे म्हणणे पडले.

बाईंचा पुतण्या जुन्या लष्करी शस्त्रांचा संग्राहक होता. रायफल रिकामी असल्याची खात्री करून देऊन त्याने मला ती वाचावयास शिकविले. ‘वाचणे’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. दस्ता लोखंडात जेथे बसतो तेथे उजव्या बाजूस एक मुकुट होता, खाली जी. आर. आय. ही अक्षरे, ईशापूर हे नाव, १९४३ हे वर्ष आणि नमुन्याचा क्रमांक. हुगळीकाठच्या ईशापूरचा रायफल कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभीचा. ब्रिटनने युद्धकाळात नवा नमुना स्वीकारला तरी ईशापूर जुनीच ली-एनफील्ड घडवीत राहिले. इंग्लंडमधील रायफलींवर मुकुटाखाली राजाची दोनच अक्षरे असत. हिंदुस्थानातील रायफलींवर तिसरे असे ते ‘सम्राट’ या बिरुदाचे. १९४८ मध्ये राजाने ते बिरुद सोडले, आणि पुढे ईशापूरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले. एका अक्षरावरून कालनिश्चिती करण्याचा आनंद पाठचिकित्सकांना सांगावयास नको.

खोटेपणा ओळखण्याची रीतही परिचयाची निघाली. खैबरच्या परिसरात हातांनी घडविलेल्या नकली रायफलींवर कित्येकदा व्हिक्टोरिया राणीची अक्षरे असतात, आणि खाली वर्ष तिच्या मृत्यूनंतरचे, म्हणजे १९०१ च्या पुढचे. रोमन लिपीतले एखादे अक्षर उलटे पडलेले असते. कारागिराचा हात उत्तम, पण जे कोरावयाचे ते त्याला वाचता येत नव्हते. लिपी न समजता अक्षरांची चित्रे उतरविणारा लेखनिक आपल्या पोथ्यांतूनही भेटतोच. आमच्या समोरची रायफल मात्र अशी नव्हती. तिचे मूळ ईशापूरचेच होते.

मला या निर्णयाने जो हर्ष झाला तो निव्वळ विद्वत्तेचा नव्हता, हे कबूल केले पाहिजे. माझे आजोबा मराठा पलटणीतून इटलीच्या लढाईत होते. त्यांनी त्या दिवसांविषयी घरात कधी एक शब्द काढला नाही, आणि मागे ठेविले ते पेन्शनचे एक पुस्तक. १९४३ हा आकडा पाहताच माझी बोटे त्या लाकडावरून नको तितकी रेंगाळली. पुरावा तपासणाऱ्याला पुराव्याकडून काही हवे असले की काय होते, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो. त्या दिवशी ते मलाच सांगावयास कोणीतरी हवे होते.

ते काम पुण्याच्या-मुंबईच्या कोणा गुरूंनी नव्हे, त्या पुतण्याने केले. रायफलीचा क्रमांक मुख्य चौकटीवर, बोल्टच्या मुठीवर, नळीवर आणि पुढच्या टोपीवर असतो. ते सारे एक असतील तर मोल वाढते. आमच्या रायफलीचे क्रमांक एकच होते. परंतु बोल्टवर पहिला क्रमांक खोडून त्याशेजारी नवा ठोकलेला होता. जुळणारे क्रमांक वेगळे आणि जुळविलेले वेगळे, असे तो म्हणाला. मग त्याने नळीच्या बुडाशी असलेला दोन अंकी आकडा दाखविला. तो ‘५२’ होता. नळीच्या तोंडाजवळ बारीक अक्षरांत एका अमेरिकी आयातदाराचे नाव होते. १९६८ च्या कायद्याने परकीय लष्करी शस्त्रांची आयात त्या देशात जवळजवळ बंद झाली. १९८० नंतरच्या दशकात जुन्या, संग्राह्य शस्त्रांपुरती ती पुन्हा खुली झाली, आणि अशा शस्त्रांवर आयातदाराचे नाव येऊ लागले. १९५२ ची नळी धारण करणारी रायफल १९४५ मध्ये कोणाच्या सामानातून अमेरिकेस गेली असणे शक्य नव्हते.

बाजाराच्या दृष्टीने बदललेली नळी हा उणेपणा. मला तसे वाटले नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनाने, साफसफाई चुकली की, नळीचे पेचदार चर गंजून जात. नळी बदलावी लागली ती रायफल वापरात होती म्हणून. जी पोथी कोणी वाचीत नाही ती अबाधित राहते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती लोक तिचे पठण करीत होते आणि पठणात पाठ बिघडत होते म्हणून. नाथांचा हात लागलेली संहिता नकली, असे आपण म्हणत नाही. तिला दोन तिथी आहेत, असे म्हणतो.

परंतु पत्रिका लिहावयाची राहिलीच होती. खुणा सांगत होत्या ते खरे लिहावे, तर मृत पतीचे बोलणे असत्य ठरत होते. कुटुंबाची कथा लिहावी, तर एका सार्वजनिक भिंतीवर मी जाणूनबुजून खोटा पाठ लावीत होतो. संग्राहकांचा दंडक असा, की बंदूक विकत घ्यावी, तिची गोष्ट घेऊ नये. विक्रीपुरता तो योग्यच आहे. माझे समाधान त्याने होईना.

दोन रात्री मी तो मजकूर लिहीत आणि फाडीत होतो. अखेर आठवली ती भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. १९१९ मध्ये हाती घेतलेले ते कार्य १९६६ मध्ये पुरे झाले. सुकथनकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे मूळ संहितेत बसत नाही ते वर ठेविले नाही. पण टाकूनही दिले नाही. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. प्रक्षेप कोणीतरी, कोठेतरी, कसल्यातरी गरजेने रचिलेला असतो, आणि ती गरज खरी असते.

मी त्याच रीतीने लिहिले. वर: रायफल ईशापूर येथे १९४३ मध्ये घडली, १९५२ ची नळी हिंदुस्थानात बसविली गेली, अमेरिकेत ती पुष्कळ वर्षांनी, आयातदारामार्फत आली. खाली, रेघेखाली: लेडो रस्त्यावर काम केलेल्या एका सैनिकाची आठवण म्हणून या कुटुंबाने ती जपली; ती त्यानेच आणली, असे घरात सांगितले जाई.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे ती यांनीच विकत घेतली.” सासरे युद्धाविषयी मुलाशी कधीही बोलले नव्हते, हे त्यांनी मला त्या वेळी प्रथम सांगितले. बोलण्यासारखे काही हाती यावे म्हणून मुलाने ती घेतली असेल काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हते, आणि मी विचारले नाही. त्यांनी पेन्सिल मागितली आणि रेघेखालच्या मजकुरात सासऱ्यांच्या उल्लेखाशेजारी पतीचे नाव लिहिले. मग ते रेघेच्या वर असावे की खाली, असे मला विचारले.

वर, असे मी म्हणालो. आयातीनंतरचा तोच एक दुवा आम्हांला नावानिशी ठाऊक होता.